हरवलेला कुत्रा, हरवलेलं मांजर: मुंबईत माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत कशी घ्यावी

तुमचा कुत्रा आत्ता, तासाभरापूर्वी सुटला असेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी घरातल्या सगळ्यांना सांगा की त्याच्या गादीला, टॉवेलला, गळपट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. घाबरलेलं माणूस पहिलं काय करतं, तर ती गादी उराशी धरतं. शेजारचे धीर द्यायला येतात, तेही तिच्यावरच टेकतात. कुणीतरी म्हणतं, तो येईपर्यंत घर आवरून ठेवू, आणि गादीचं कव्हर मशीनमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी माझ्यासारखा कुणी कुत्रा घेऊन दारात येतो तेव्हा त्याला देण्याजोगा वासच घरात उरलेला नसतो.

माझी बरीच वर्षं पोलिसांच्या श्वानपथकात गेली. आता विक्रोळीला राहतो, आणि मैना नावाची लॅब्रेडॉर घेऊन लोकांची हरवलेली जनावरं शोधायला जातो. मैना काय करू शकते आणि काय नाही, हे लोकांना आधीच नीट माहीत असेल तर निम्मं काम सोपं होतं. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, कुत्रा माग काढतो म्हणजे जनावर आणून हातात देतो असं नाही. तो दिशा देतो. पथकात असताना घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व तेथेच घुटमळले.’ वाचणाऱ्याला वाटायचं, कुत्र्याचं काम फसलं. तपास करणाऱ्याला मात्र त्या एका ओळीतून कळायचं की चोर कुठल्या बाजूनं गेला आणि कुठे गाडीत बसला. मग त्याच जागेवरचे कॅमेरे, तिथलेच टपरीवाले गाठायचे. हरवलेल्या कुत्र्याचंही तसंच आहे. चारही दिशांना धावणाऱ्या तुमच्या माणसांना एका दिशेला लावणं, ही माग काढणाऱ्या कुत्र्याची खरी किंमत.

दुसरी गोष्ट, वास घेणारा प्रत्येक कुत्रा माग काढत नाही. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीरनं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधलं, ते नाव या शहरात अजून आदरानं घेतलं जातं. पण झंजीर स्फोटकं हुंगणारा होता. ठरावीक पदार्थाचा वास कुठेही आला तरी ओळखायचा, हे त्याचं शिक्षण. माग काढणाऱ्याला याच्या उलट शिकवतात. दर वेळी नवा वास द्यायचा आणि सांगायचं, आज फक्त हाच, बाकी सगळं सोड. ‘आमच्या कुत्र्याचं नाक फार तीक्ष्ण आहे, त्यालाच सोडतो’ असं पुष्कळ जण म्हणतात. नाक सगळ्याच कुत्र्यांचं तीक्ष्ण असतं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास, त्यांच्या नाकात वीस कोटींच्या वर. शिकवावं लागतं ते बाकीचे वास सोडून द्यायला, आणि त्यातच दीड-दोन वर्षं जातात.

पोलिसांचं श्वानपथक गुन्हे आणि स्फोटकांसाठी असतं, घरचा कुत्रा हरवला म्हणून ते येत नाही. मात्र कुत्रा चोरीला गेल्याचा काही आधार असेल, उदाहरणार्थ कॅमेऱ्यात कुणी उचलताना दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली ती चोरीच आहे. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. लायसन्स, लसीकरणाचं पुस्तक आणि मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर सोबत न्या.

वास कसा उचलायचा

मेडिकलमधून निर्जंतुक गॉझचं पाकीट आणि रबरी हातमोजे आणा. स्वयंपाकघरातली झिप लॉकची नवी पिशवी चालेल, काचेची झाकणाची बरणी त्याहून बरी. कचऱ्याची काळी पिशवी नको. तिला स्वतःचा उग्र वास असतो, काहींना तर मुद्दाम सुगंध दिलेला असतो. हातमोजे घालून गॉझचे दोन-तीन तुकडे गादीच्या मधोमध, जिथे त्याचं पोट टेकतं तिथे ठेवा, वर गादीचाच दुमडलेला भाग ओढा आणि तासभर राहू द्या. मग एकेक तुकडा वेगळ्या पिशवीत, हवा काढून, बंद. पिशवीवर तारीख आणि वेळ. सावलीत ठेवा. गाडीत परफ्यूमची बाटली टांगलेली असेल तर त्या गाडीतून नेऊ नका.

ब्रशमध्ये अडकलेले केस उत्तम. गळपट्टा घरी राहिला असेल तर त्याची आतली बाजू उत्तम. खेळणं त्या मानानं कमी कामाचं, कारण ते सगळ्यांच्या हातातून गेलेलं असतं. जेवणाचं भांडं तर नकोच.

घरात दोन कुत्री असतील आणि दोघंही एकाच गादीवर झोपत असतील तर गोंधळ होतो खरा, पण त्यावर उपाय आहे. शोध सुरू होताना घरी राहिलेल्या कुत्र्याला तिथे आणून उभं करायचं. मैना आधी गॉझ हुंगते, मग त्याला हुंगते, आणि त्या मिश्र वासातला जो समोर हजर नाही त्याच्या मागे लागते. गादीला हात लावलेली माणसंही अशाच वेळी तिथे हजर हवीत. म्हणून हँडलर, म्हणजे माग काढणारा कुत्रा घेऊन येणारा माणूस, ‘घरचे सगळे खाली या’ म्हणाला तर सबबी सांगू नका.

वास सुरक्षित झाला की शेवटचं दिसलेलं ठिकाण पक्कं करा. ‘गेटजवळ’ एवढं पुरत नाही. कुठल्या गेटला, गेटच्या आत की बाहेर, किती वाजता, तोंड कुठल्या बाजूला. वॉचमनच्या केबिनमधलं रेकॉर्डिंग त्याच दिवशी मोबाइलवर उतरवून घ्या, कारण काही दिवसांनी त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. आणि एक कळकळीची विनंती, व्हॉट्सअ‍ॅपवर हाक देऊन पन्नास पोरं बिस्किटाचे पुडे घेऊन रस्त्यावर उतरवू नका. माणसांच्या चालण्यानं वासाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते जनावराचं डोकं. शिट्ट्या, हाका, मागून धावणारे पाय; जो कुत्रा दोन गल्ल्यांवर बसून राहिला असता तो स्टेशन ओलांडून जातो.

रस्त्यावर वास कसा राहतो

जनावर चालतं तेव्हा त्याच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. ते वाऱ्यानं सरकतात आणि जिथे ओल, गवत, फट किंवा अडोसा असेल तिथे साचतात. माणसाच्या मागावर झालेल्या प्रयोगांत पाचएक पावलं हुंगून कुत्र्यानं जाण्याची दिशा बरोबर ओळखली आहे, पण त्यासाठी ती पावलं टिकून राहायला हवीत. आपल्याकडे रस्त्याच्या मधोमध काही टिकत नाही. डांबर तापतं, बस आणि ट्रक हवा घुसळून टाकतात. वास सापडतो तो कडेला: पेव्हर ब्लॉकच्या फटींत, कंपाउंडच्या भिंतीच्या पायाशी, गटाराच्या झाकणांवर, पार्क केलेल्या गाड्यांच्या चाकांपाशी. म्हणून मैना रस्ता सोडून भिंतीला नाक लावून चालू लागली की मालक अस्वस्थ होतात. ‘तो असा भिंतीकडेनं नाही चालत हो’ म्हणतात. तो मधूनच गेला असेल. त्याचा वास भिंतीकडे गेला.

दुपारी समुद्राकडून, पश्चिमेचा वारा सुटतो. त्या वेळी वास जनावर चाललं त्या बाजूऐवजी रस्त्याच्या पूर्वेकडच्या फुटपाथवर मिळू शकतो. पहाटे हवा पडलेली, जमीन थोडी ओलसर, वाहनं तुरळक. त्यामुळे शोध पहाटे साडेचार-पाचला सुरू करायचा आणि साडेसातच्या आत आटपायचा. हँडलरनं सकाळी अकराची वेळ दिली तर का, हे जरूर विचारा. एप्रिल-मेमध्ये तर दुपारी कुत्र्याला रस्त्यावर काढणंच क्रूरपणा आहे. हाताची मागची बाजू डांबराला सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

पावसाचं लोकांना उलट वाटतं. रिमझिम पावसानं वास मरत नाही, ओलीनं उलट उठून येतो. मुसळधार पाऊस पडून रस्त्यावरून पाणी वाहिलं की मात्र माग धुऊन जातो. मग मैनाला मोकळ्या रस्त्यावर न्यायचं नाही. पुलाखाली, पार्किंगच्या तळघरात, दुकानांच्या छपराखाली, जिथे कोरडं राहिलंय अशाच जागा एकेक करून दाखवायच्या.

आणि वेळ. शहरात पहिल्या चोवीस तासांत बोलावलंत तर खरी आशा. दोन दिवसांपर्यंत प्रयत्न करण्यात अर्थ आहे. त्यानंतर मूळ जागेपासून माग काढण्याऐवजी कुणाला तो दिसला असेल त्या ताज्या जागेवरूनच सुरुवात करावी. आठवड्यापूर्वीचा माग भर अंधेरीतून काढून देतो, असं म्हणणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही.

गल्लीतली कुत्री आणि त्यांना खाऊ घालणारी माणसं

या विषयावर परदेशातले व्हिडिओ पुष्कळ आहेत. अमेरिकेत कॅट अल्ब्रेक्ट या पोलीस खात्यात कुत्री हाताळणाऱ्या बाईंचा स्वतःचा ब्लडहाउंड १९९६ साली हरवला. दुसऱ्या एका प्रशिक्षित कुत्र्यानं तो शोधून दिला, आणि पुढे त्यांनी हरवलेल्या पाळीव जनावरांसाठीच कुत्री तयार करायला घेतली. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. पण त्या रस्त्यांवर मोकळी कुत्री फारशी नसतात. आपल्याकडे दर शंभर पावलांवर एका टोळीची हद्द संपते आणि दुसरीची सुरू होते. माग काढणारा कुत्रा नाक खाली घालून, सगळं लक्ष वासावर ठेवून त्या हद्दीत शिरतो तेव्हा त्याच्यावर चारही बाजूंनी धाव येते. एकदा चावा बसला की त्या दिवसाचं काम संपलंच, कधीकधी त्या कुत्र्याचा कामाचा उत्साहही कायमचा जातो.

यावर काठी हा उपाय नाही. काठी उगारली की सगळी गल्ली जागी होते, आणि तुमचा लपलेला कुत्रा आणखी आत सरकतो. उपाय आहे त्या गल्लीतला फीडर. प्रत्येक वस्तीत रात्री किंवा पहाटे कुत्र्यांना भात-चिकन घालणारी एखादी मावशी, एखादा कॉलेजचा मुलगा, एखादे निवृत्त काका असतात. त्यांना आदल्या संध्याकाळी जाऊन भेटा. कुठल्या मार्गानं जायचा अंदाज आहे ते सांगा. त्यांनी पहाटे नेहमीच्या जागेपासून थोडं बाजूला, मार्गापासून लांब, खाणं घातलं की टोळी तिकडे जाते आणि आम्हाला वीस मिनिटं मोकळी मिळतात. फीडर सोबत चालले तर त्याहून छान, कारण त्यांच्यासमोर कुत्री गुरगुरत नाहीत.

शिवाय त्या गल्लीत नवा कुत्रा आला की पहिल्यांदा त्यांनाच कळतं. घाटकोपरच्या एका मावशींनी मला फोनवर सांगितलं होतं, ‘भाऊ, आमचा लाल्या दोन दिवस झाले तबेल्याच्या मागे जाऊन भुंकतोय, तिकडे काहीतरी आहे.’ मैनाचा माग त्याच तबेल्याच्या भिंतीपर्यंत गेला. माझं ठाम मत आहे की मुंबईत हरवलेलं जनावर शोधायचं असेल तर कुत्र्याइतकाच फीडरवर विश्वास ठेवावा. त्यांच्याशी सोसायटीत भांडण करून ठेवलं असेल तर आधी ते मिटवा.

कुत्रा घेऊन येणाऱ्याच्या जनावराचं रेबीज, डिस्टेंपर-पार्वो आणि लेप्टोचं लसीकरण पूर्ण आहे ना, ते पुस्तकात पाहून घ्या. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून चालावं लागतं, तिथे लेप्टोची लस टाळून चालत नाही. हा नियम हँडलरच्या बुटांनाही लागू आहे, गमबूट हवेत.

हँडलर निवडताना

मुंबईत हे काम नीट करणारी माणसं थोडी आहेत. तुमच्या नेहमीच्या पशुवैद्यांना, कुत्र्यांच्या प्रशिक्षकांना, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना विचारा. फोनवर बोलताना एवढंच ऐका की तो तुम्हाला काय विचारतो. पहिला प्रश्न वासाच्या वस्तूबद्दल असेल तर माणूस कामाचा आहे. फोटो पाठवा म्हणून थांबला तर नाही, कारण फोटो कुत्र्याला दाखवता येत नाही. कुत्रा लांब दोरीला बांधून चालवतो का, विचारा. हार्नेसला पंधरा-वीस फुटांची दोरी हवी. मुंबईच्या वाहतुकीत मोकळा सोडणारा माणूस आपल्या कुत्र्याच्या जिवाशी खेळतोय.

सगळ्यात महत्त्वाचं, ‘इथे वास नाही’ हे तुमचा कुत्रा कसं सांगतो, असं विचारा. चांगल्या कुत्र्याला ते सांगता येतं. मैना गोल फिरून माझ्याकडे बघते आणि थांबते. ज्याचा कुत्रा नेहमी कुठे ना कुठे जातोच, त्याचा कुत्रा माग काढत नाही, फिरायला जातो. शक्य असेल तर छोटी परीक्षा घ्या. ओळखीच्या कुत्र्याला अर्धा तास आधी कंपाउंडमधून फिरवून कुठेतरी नेऊन बसवा, मार्ग हँडलरला सांगू नका, आणि वासाचा गॉझ द्या. ज्याला स्वतःच्या कुत्र्यावर भरवसा आहे तो यावर रागावत नाही.

‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणारा टाळा. सापडल्यावरचं बक्षीस आगाऊ मागणारा टाळा. पैसे हवेत ते पहाटेच्या श्रमाचे, आणि ते आधी ठरवून घ्यावेत. पोस्टरवर नंबर गेला की दुसऱ्याही तऱ्हेचे फोन येऊ लागतात: कुत्रा माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा. त्यासाठी पोस्टरमध्ये त्याची एक खूण मुद्दाम लपवून ठेवा, पोटावरचा ठिपका, तुटलेला दात, काहीही. फोन करणाऱ्याला ती विचारा. व्हिडिओ कॉलवर जनावर दिसल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

शोधाच्या पहाटे

तुमचं काम मागे, दहा पावलांवर चालायचं आहे. बोलायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही. ‘इकडे तो कधीच येत नाही’ हे वाक्य तर गिळूनच टाका. घाबरलेला कुत्रा रोजच्या रस्त्यानं जात नाही. दुसऱ्या एका माणसानं मोबाइलच्या नकाशावर वळणं टिपत राहायचं. कुठे मैना वेगानं ओढत होती, कुठे डोकं वर करून थांबली, कुठे परत फिरली. दर वीस मिनिटांनी पाणी आणि विश्रांती. मैना दमली की तोंडानं धापा टाकते, आणि धापा टाकणारा कुत्रा नीट वास घेऊ शकत नाही.

सोसायट्यांच्या गेटवर अडवणूक होते. आदल्या दिवशी आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन करून ठेवा, वॉचमनला नाव देऊन ठेवा. पहाटे पाचला दारात उभं राहून परवानगी मागत बसलं तर वेळ तिथेच जातो.

माग रेल्वे रुळांकडे गेला तर तिथे थांबायचं. कुत्रा दिसत असला तरी. रुळांवर विनापरवाना जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवावरचं आहे. जवळच्या स्टेशन मास्तरांना आणि रेल्वे पोलिसांना कळवा, गँगमनना फोटो दाखवा, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना जिथे भगदाडं आहेत तिथे शोध पुढे न्या. आरे किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला माग लागला तर अंधारात आत शिरू नका. तिथे बिबटे आहेत, आणि कुत्रा हे त्यांचं नेहमीचं खाणं आहे. उजाडल्यावर, वन खात्याला विचारूनच. खाडीकडे गेला तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघा आणि कोळीवाड्यातल्या कुणाला तरी सोबत घ्या. कांदळवनात चिखल कुठे माणूस धरतो ते त्यांनाच ठाऊक असतं.

आता समजा, मैना एखाद्या ठिकाणी रिक्षा स्टँडपाशी घुटमळली. पुढे नाही, मागे नाही. बहुधा तिथून कुणीतरी त्याला उचललंय. चांगल्या मनानंही उचलतात, हे लक्षात ठेवा. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना, समोरच्या पानवाल्याला, दूध टाकणाऱ्याला विचारा. त्या चौकातले कॅमेरे मागा. पोस्टरं आता सगळ्या वॉर्डात वाटत बसू नका, मागाच्या दोन्ही बाजूंना आणि त्या चौकाभोवती लावा. भिंती, खांब रंगवू-चिकटवू नका. १९९५च्या कायद्यानं सार्वजनिक जागा विद्रूप करणं गुन्हा आहे. किराणावाल्याच्या काचेच्या आतून, मेडिकलच्या काउंटरवर, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर परवानगीनं लावलेला कागद जास्त दिवस टिकतो आणि जास्त वाचला जातो.

जनावर दिसलं की

इथे बहुतेक शोध हातचे जातात. जनावर दिसलं की माग काढणारा कुत्रा लगेच मागे घ्यायचा, गाडीत बसवायचा. हरवून एक-दोन रात्री काढलेला कुत्रा आता भीतीवर जगत असतो. समोरून येणारा अनोळखी कुत्रा त्याला शिकारीच वाटतो. आणि हे ऐकून मालकांना वाईट वाटतं, पण तुम्हीसुद्धा. लाडका कुत्रा तुम्हाला बघून पळाला तर त्याचं तुमच्यावरचं प्रेम कमी झालं असं समजू नका. त्या क्षणी त्याचं डोकं एवढंच जाणतं की दोन पायांवर काहीतरी अंगावर येतंय.

धावू नका. हाक मारू नका. त्याच्याकडे पाठ किंवा कुशी करून जमिनीवर बसा. डोळ्यांत बघू नका. खिशातून उकडलेल्या चिकनची पिशवी काढा, खसखस आवाज करा, एक तुकडा तोंडात टाकल्यासारखं करा, एखादा बाजूला पडू द्या. घरचं दुसरं कुत्रं असेल तर पट्ट्याला धरून थोड्या अंतरावर आणा, माणसापेक्षा त्याला लवकर ओळख पटते. हे अर्धा तास चालेल, दोन तास चालेल. रस्त्याकडच्या बाजूला मात्र तुमची माणसं शांत उभी हवीत, म्हणजे पळालाच तर वाहनांकडे पळणार नाही. जवळ आला तरी गळपट्ट्यावर झडप नको, आधी छातीखाली हात जाऊ द्या. अजिबात जवळ येत नसेल तर रोज त्याच जागी त्याच वेळी खाणं ठेवा आणि प्राणिसंस्थेकडून सापळ्याचा पिंजरा मागवा.

मांजराचं गणित निराळं

घरात वाढलेलं मांजर दारातून सुटलं तर लांब जात नाही, दडतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाराशेहून जास्त हरवलेल्या मांजरांची माहिती गोळा केली होती. त्यातल्या सापडलेल्या मांजरांपैकी चारातली तीन सुटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती, आणि एकूण मांजरांपैकी एक तृतीयांश पहिल्या सात दिवसांतच परत मिळाली. त्यामुळे मांजरासाठी कुत्रा बोलावण्याआधी स्वतःची बिल्डिंग पिंजून काढा. हे काम रात्री दोन-तीनला, हातात टॉर्च घेऊन, कपाळाच्या उंचीवरून उजेड टाकत करायचं, म्हणजे डोळे चमकतात. मीटर रूम, लिफ्टची मशीन रूम, डक्ट, जिन्याखालची अडगळ, टाकीची गच्ची, दुचाकींच्या सीटखाली, गाड्यांच्या बॉनेटमध्ये. चाळीत पोटमाळे. शेजारची बिल्डिंग पुनर्विकासात असेल तर बांबूची परांची आणि हिरव्या जाळीमागचे सज्जे. खिडकीतून पडल्याची शंका असेल तर बरोबर त्या खिडकीखालून सुरुवात करा आणि भिंतीलगतच्या पहिल्या अडोशात बघा. ते ओरडून उत्तर देईल अशी अपेक्षा धरू नका. दुखावलेलं, घाबरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही गप्प राहतं, कारण आवाज केला की आपण सापडू एवढंच त्याला कळतं.

मांजर शोधणारा कुत्रा मागावर चालत नाही, तो एकेक जागा हुंगून तपासतो. इंग्लंडमध्ये कॉलिन बुचर या माजी पोलिसाची मॉली नावाची कॉकर स्पॅनिएल या कामासाठी प्रसिद्ध झाली. मांजराचा वास लागला की ती भुंकत नाही, शांतपणे आडवी पडते. हीच कसोटी आपल्याकडेही लावा. मांजर दिसताच झेपावणारा किंवा भुंकणारा कुत्रा कितीही हुशार असला तरी त्याला या कामावर नेऊ नये. आणि जागा हुंगून झाली, मांजर पाइपच्या मागे आहे हे कळलं, की तिथे कुत्र्याचं काम संपलं. मग मांजराची नेहमीची चादर, वासाचा मासा आणि पिंजरा ठेवून सगळ्यांनी घरी जायचं.

माग लागलाच नाही तर

तर शोध बंद करू नका, बदला. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालयात जखमी जनावरं आणली जातात. तिथे आणि आसपासच्या दवाखान्यांत फोन करण्यापेक्षा स्वतः जा. फोनवर ‘तपकिरी कुत्रा’ म्हटलं की ‘नाही’ असंच उत्तर मिळतं, समोर पिंजरा बघितला की वेगळं निघू शकतं. तुमचा कुत्रा देशी असेल आणि पट्टा गळून पडला असेल तर निर्बीजीकरणासाठी नेणाऱ्या गाडीनं त्याला भटका समजून उचललं असण्याची शक्यता धरा. महापालिकेकडे आणि त्या भागातल्या निर्बीजीकरण केंद्रात लगेच चौकशी करा. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्यांना सहसा जिथून नेलं तिथेच परत सोडतात, म्हणजे केंद्रात कळलं नाही तरी सुटल्या जागेवर आठवडाभर नजर ठेवायला हवी. विसर्जनाच्या ढोल-ताशांत किंवा दिवाळीच्या फटाक्यांत सुटलेला कुत्रा आवाज थांबल्यावर, पहाटेच्या शांततेत बाहेर येतो. तेव्हा रात्रीच्या मिरवणुकीत फिरून दमण्यापेक्षा थोडं झोपा आणि चारला उठा.

कुत्रा सापडून घरी आल्यावर एकदम पोटभर घालू नका. आधी पाणी, तेही थोडं थोडं, मग मूठभर भात. अंगभर हात फिरवून चावे शोधा, केसांत दडलेले असतात. चावा दिसला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आधीची रेबीजची लस असली तरी पुन्हा इंजेक्शनं लागतात. तुम्हाला त्यानं घाबरून ओरबाडलं असेल, दात लागला असेल, तर तुमचंही तेच. गोचिडी बघा, पंजांची आग झाली आहे का बघा. काही दिवस दुहेरी दार, दुहेरी पट्टा. मग पोस्टरं स्वतः जाऊन उतरवा, आणि फीडर, वॉचमन, रिक्षा स्टँड, पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना फोन करून सांगा की तो घरी आला, म्हणजे ते शोधायचे थांबतील.